राहून पाहिलेलं गाव

डाळ शिजली नाही, म्हणून कांताने तेही गाव सोडलं.

गाव दिसायला चांगलं होतं. रस्ता डांबरी, शाळा पक्की, विकायला काढलेल्या शेताच्या कडेला आंब्याची मोठी झाडं. शेषरावच्या तर मनातच भरलं होतं. मालकाने खाटेवर बसवून चहा पाजला, शेताचे कागद दाखवले. पण कांताने पिशवीतून मूठभर तुरीची डाळ काढली, मालकाच्या सुनेला चुलीवर गंज ठेवायला सांगितलं आणि तिथल्याच बोअरचं पाणी ओतून ती चुलीपाशी बसली. चहा झाला, बोलणी झाली, ऊन कलायला लागलं, तरी डाळीचा दाणा बोटात टणकच लागत होता. कांताने सुनेला नमस्कार केला, डाळ गाईच्या घमेल्यात रिकामी केली आणि मोपेडपाशी जाऊन उभी राहिली.

"डाळीसाठी कोणी जमीन सोडते काय?" गाव मागे पडल्यावर शेषराव म्हणाला.

"जलमभर हेच पानी प्यायचं आहे," कांता म्हणाली. "मालकाचा चहा एकच दिवस भेटते."

शेषराव बोरघरे मूळचा तुमसरकडचा. रेल्वेत पंप चालवायला लागला आणि भिलाईच्या बाजूच्या कॉलनीत त्याचा सगळा जन्म गेला. नदीवरच्या विहिरीतून पाणी उचलून क्वार्टरांच्या टाकीत टाकायचं, हे त्याचं काम. एका उन्हाळ्यात नदीच आटली. पंप कोरडा घुरघुरला आणि बंद करावा लागला. तेव्हा कॉलनीतल्या बाया बादल्या घेऊन पंपघरासमोर आल्या. पाणी त्याच्या हातात नव्हतं, पण हँडल त्याच्याच हातात दिसत होतं. रोज नमस्कार करणाऱ्या एका बाईने रिकामी बादली त्याच्या पायाशी आपटली. त्या दिवसापासून बादली आपटल्याचा आवाज आला की शेषराव मान खाली घालायचा.

कांताच्या मनात वेगळंच बसलं होतं. लॉकडाऊनमध्ये रुळांच्या कडेने माणसं चालत गेली होती. डोक्यावर बोचकी, कडेवर लेकरं. कांता क्वार्टरच्या मागच्या दारातून त्यांना भाकरी आणि पाणी द्यायची. कुठं जाता, असं विचारलं की प्रत्येकजण गावाचं नाव सांगायचा. कोणाचं गाव झारखंडात, कोणाचं ओडिशात, पण प्रत्येकाला गाव होतं. शेषरावच्या वाट्याची शेती चुलतभावांनी कधीच आपल्या नावावर करून घेतली होती, कांताच्या माहेरी कोणी उरलं नव्हतं. उद्या आपल्यावर चालायची पाळी आली तर आपण कुठं जायचं, हा प्रश्न तिने तेव्हा स्वतःलाच विचारला, आणि शेषराव रिटायर झाल्यावर त्यालाही विचारला.

क्वार्टर सोडायला थोडेच महिने उरले होते. मुलगी मोना भिलाईलाच, रिसालीत राहायची. तिने आपल्याच गल्लीत खालच्या मजल्यावरचं घर पाहून ठेवलं होतं. कांताने ते पाहिलं. टाकी दुसऱ्याच्या गच्चीवर होती, वरच्या मजल्याचा जिना दारातच अंगावर येत होता आणि चूल मांडायला हातभर मोकळी जागा नव्हती. तिने मोनाला सांगितलं की आम्ही गाव पाहून राहिलो आहोत.

"आई, गाव पिकनिकला ठीक आहे," मोना म्हणाली. "वहाँ रहना अलग बात है."

"म्हणूनच राहून पाहू," कांता म्हणाली.

उतईच्या पलीकडची गावं दोघांनी मोपेडवर पालथी घातली. शेषराव जमिनीचा उतार पाहायचा, विजेचे खांब पाहायचा. कांता भर दुपारी हातपंपावर जाऊन उभी राहायची, कारण पाण्याला गर्दी किती हे दुपारीच कळतं. सगळ्यात मोठा पाऊस झाला तेव्हा पाणी कुठवर चढलं, हे ती म्हाताऱ्यांना विचारायची. पावसाळ्यात बाळंतपण अडलं तर बाईला कसं नेता, हे सुनांना विचारायची. गोठ्यातल्या गाईंच्या बरगड्या पाहायची. घरात धानाची कोठी आहे की दुकानातलं पाकीट, हे बोलता बोलता स्वयंपाकघरात डोकावून पाहायची. आणि शेवटी डाळ शिजवायची. एका गावात लोक तिला हसले. एका गावात सरकारी बाई समजून आपल्या तक्रारी सांगू लागले. शेषराव लाजायचा आणि मोपेडपाशी उभा राहायचा.

डूमरपारला डाळ शिजली. चुलीवर ठेवली आणि शेषरावचं चहापाणी होईतो फुटायला लागली. जेठाचं ऊन होतं, पण गावाच्या मधोमध असलेल्या तळ्यात म्हशी मानेपर्यंत बुडून बसल्या होत्या. तळ्याच्या पोटात पाण्याने काळा पडलेला लाकडी खांब उभा होता आणि त्याच्यावर एक खाच होती. कांताने एका बाईला त्या खाचेचं विचारलं. बाईचं नाव बिसाहिन. ती केवटाची, तळ्यात मासे धरायची. तिने छत्तीसगडीत सांगितलं की पाणी खाचेच्या खाली गेलं की ते शेताला द्यायचं नाही, माणसाला आणि ढोराला ठेवायचं. आजे-पणजे तसंच करत आले.

कांता घाटाच्या पायरीवर बसली आणि बराच वेळ त्या खांबाकडे पाहत राहिली.

जमीन होती हेमलाल दाऊची. त्या मुलखात मोठ्या शेतकऱ्याला दाऊ म्हणतात. त्याचा मुलगा भिलाईच्या स्मृति नगरात घर बांधून राहिला होता, शेती करायला तयार नव्हता. म्हणून तळ्याच्या खालच्या अंगाचं काळ्या मातीचं एक शेत आणि त्याला लागून असलेलं विहिरीचं घर दाऊ काढून टाकणार होता. कांताने सांगितलं की आम्ही आधी वर्षभर राहू, शेत बटाईने करू, मग घ्यायचं की नाही ते ठरवू. शेषराव ओशाळला. दाऊ मोठ्याने हसला.

"लड़की देखे बर आए हव का?" त्याने विचारलं. मुलगी पाहायला आलात काय.

मग त्याने कबूल केलं. तुम्ही गाव पाहा, म्हणाला, गावही तुम्हाला पाहील.

घराची कौलं माकडांनी उचकटली होती. शेषरावने ती एकेक उतरवून पुन्हा बसवली. विहिरीत पालापाचोळा आणि मेलेली बेडकं होती. दोराला टोपलं बांधून कांताने वर ओढावं आणि शेषरावने आत उतरून भरावं, असं करत ती उपसली. गुडघे दुखत म्हणून तो रात्री तेल लावून बसायचा, पण सकाळी पुन्हा उतरायचा. रिटायर होताना आलेल्या पैशातून त्याने एक डिझेल इंजिन घेतलं होतं. ते त्याने ओसरीत ठेवलं आणि वरून जुनं पांघरूण घातलं. गावात त्याला सगळे पंपवाला बाबू म्हणायला लागले.

पाऊस वेळेवर आला. धान पेरलं. श्रावणात रोपांमधून नांगर फिरवायची तिकडची रीत शेषरावला नवी होती. उभं पीक नांगरताना त्याचा जीव वर-खाली होत होता. चिखलात पाय रुतून तो एकदा बांधावरून पालथा पडला तेव्हा शेजारच्या शेतातल्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. कांताचीही गत बरी नव्हती. धानात करगा नावाचं रानधान उगवतं. ते दिसायला अगदी धानासारखं. कांताने सकाळपासून वाकून निंदण केलं, पेंढ्या बांधावर ठेवल्या, आणि बिसाहिनने त्या उलगडून पाहिल्या तर त्यात निम्मं धानच होतं. करगा शेतात डौलाने उभा होता.

बिसाहिन हसली नाही. तिने उपटलेलं धान हातात घेतलं आणि चिखलात परत खोवायला सुरुवात केली. देठाच्या बुडाशी तांबूस छटा कशी ओळखायची ते तिने कांताला बोट लावून दाखवलं. कांता घरी आली ती कंबर धरूनच. भिंतीला पाठ टेकून बसली आणि शेषरावला म्हणाली की उद्या पुन्हा जाईन. ती गेली. भादव्यापर्यंत तिला करगा लांबून ओळखता यायला लागला, आणि बाया तिला निंदणाला आपल्या रांगेत घ्यायला लागल्या.

मग पाऊस थांबला.

आकाशात ढग यायचे आणि उतईकडे निघून जायचे. धान पोटरीत आलं होतं, कणीस अजून पोटातच होतं, आणि नेमकं तेव्हा काळ्या शेताला भेगा पडायला लागल्या. आधी बोट जाईल एवढ्या, मग पंजा जाईल एवढ्या. कालव्याचं पाणी वरच्या गावांनीच घेतलं. सगळ्यांच्या मोटारी एकदम चालू झाल्या, त्यामुळे वीज दिव्यात लाल तार दिसण्याइतकीच येई. शेषरावच्या विहिरीत बादली खडकाला लागू लागली. तो सकाळी बांधावर जाऊन बसायचा, एक पात हातात घेऊन तिची गुंडाळी उलगडायचा, ती पुन्हा गुंडाळायची.

तळ्याचं पाणी खाचेपर्यंत आलं होतं.

एका सकाळी हेमलाल दाऊ घरी आला. खाटेवर बसला, कांताने दिलेलं पाणी प्यायला आणि सरळ बोलला. त्याची मोटार उचलत नव्हती. गावात चालू असलेलं डिझेल इंजिन एकच होतं. तळ्याला ते लावायचं, एक-दोन दिवस चालवायचं. तळ्याखाली पहिलं शेत शेषरावचंच, म्हणून पाणीही आधी त्यालाच मिळणार होतं, मग पुढे दाऊच्या शेतात जाणार होतं. धान वाचलं की दिवाळीनंतर कागद करून टाकू, असं त्याने सांगितलं. खाचेचं शेषरावने विचारलं. ती जुन्या लोकांची गोष्ट आहे, दाऊ म्हणाला, जुन्या लोकांच्या वेळी एवढं धानही लावत नव्हते.

तो गेल्यावर शेषरावने इंजिनावरचं पांघरूण काढलं.

"लावता काय?" कांताने विचारलं.

"पोटरीत आलेलं धान डोळ्यांदेखत जाळू काय? तुया कमरेचं काय झालं निंदून निंदून, पाहून राहिलो ना मी."

"माया कमरेचं नका सांगू. आपन हे गाव कावून धरलं? जेठात तळ्यात पानी होतं म्हणून. ते आता उपसलं तं जेठात काय उपसान?"

"जेठाचं जेठात पाहू."

"नदीचंही तसंच म्हणत होते सारे."

शेषरावचा चेहरा उतरला. त्याने पांघरुणाची घडी करून बाजूला ठेवली. मग म्हणाला, "वर्षाचं धान आपल्या घरचं असावं म्हणून आलो ना इकडं? तूच म्हणत होती. आता ते वाचवू नको म्हणते. दाऊ जमीन देनार नाही मंग. जायचं कुठं? रिसालीले?"

कांताने चुलीतली लाकडं मागे ओढली आणि तिथेच बसून राहिली. शेषराव पाइपाचा फूटव्हॉल्व्ह धुवायला अंगणात गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाऊच्या माणसाने ट्रॉलीतून इंजिन तळ्याच्या पाळीवर नेलं. शेषरावने पाइप पाण्यात सोडला, पंपात पाणी भरलं, हँडल मारलं. इंजिन पहिल्या झटक्यालाच लागलं. पाळीच्या पलीकडे पाणी पडलं आणि भेगांमधून खळखळत आत गेलं. शेषराव पाळीवरून खाली उतरला. माती पाणी पीत होती, तिचा चुर्रर्र आवाज येत होता, भेगांमधून बुडबुडे वर येत होते. किती दिवसांनी त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं. त्याने वाकून पाण्यात दोन्ही हात घातले आणि पाणी धानाच्या ओळीत लोटलं. वरच्या अंगाचा पट्टा हळूहळू काळा झाला, मग चकाकायला लागला.

तो परत पाळीवर आला तेव्हा घाटावर बाया बसल्या होत्या.

त्या धुणं घेऊन आल्या होत्या, भांडी घेऊन आल्या होत्या, पण कोणी धूत नव्हतं, घासत नव्हतं. पायऱ्यांवर ओळीने बसल्या होत्या आणि पाइपाकडे पाहत होत्या. बिसाहिन सगळ्यात खालच्या पायरीवर होती. तिचं जाळं शेजारी गुंडाळून ठेवलेलं होतं. तळ्याच्या मधल्या खांबावर ओली रेघ दिसायला लागली होती. खाच आता पाण्याच्या वर होती. दाऊच्या माणसाने एकदा तिकडे पाहिलं आणि तो पाठ फिरवून बिडी ओढायला लागला. शेषराव दाऊचा माणूस, दाऊच्या घरात राहणारा. त्याला कोण काय म्हणणार.

कांता घरातून निघाली ती पाण्याचा रिकामा गुंड, पितळी घागर, कमरेवर घेऊन. पाळीवर आली, इंजिनाजवळून गेली, शेषरावकडे तिने पाहिलं नाही. घाटाच्या पायऱ्या उतरून ती बिसाहिनच्या बाजूला बसली. बिसाहिनने जाळं जरा सरकवून तिला जागा केली. कांताने गुंड समोर ठेवला, पाण्यात मात्र बुडवला नाही.

इंजिन चालत राहिलं. शेषरावने डिझेल पाहिलं, ते भरपूर होतं. त्याने पट्ट्याकडे पाहिलं, पाइपाकडे पाहिलं, मग पुन्हा घाटाकडे. कॉलनीत लोक ओरडले होते. ते बरं होतं; ओरडणाऱ्या माणसाला मनातल्या मनात उत्तर देता येतं. इथे कोणी तोंडही उघडत नव्हतं. त्याची बायको त्या बायांच्या रांगेत बसली होती आणि त्यांच्यातलीच एक दिसत होती, निंदणाने काळी पडलेली. ती तिथे केव्हा अशी मिसळून गेली, ते त्याला कळलंच नव्हतं.

ऊन डोक्यावर यायच्या सुमारास शेषराव उठला आणि त्याने इंजिन बंद केलं. मग पाण्यात उतरून पाइप ओढून काढला आणि पाळीवर उलटा टाकला. पाइपातलं उरलेलं पाणी तळ्यात परत गेलं.

दाऊ मोटरसायकलवर आला. त्याच्या शेतापर्यंत अजून पाणी पोचलंही नव्हतं. इंजिन बिघडलं का, असं त्याने विचारलं. शेषरावने नाही म्हटलं.

"तेरा भी धान मर रहा है, बाबू."

"मरने दो. सूखा पंप मैंने एक बार चलाया है, दाऊ. अब नहीं चलाऊँगा."

दाऊ चिडला. पण तो जे बोलला ते काही खोटं नव्हतं. तळं गावाचं तसं धानही गावाचंच, म्हणाला, धान गेलं तर हे लोक वर्षभर काय पाणी खाणार आहेत? शेषराव तसाच ओल्या धोतराने उभा राहिला. तेवढ्यात बिसाहिन पायरीवर उभी राहिली. तिने पदर डोक्यावर घेतला आणि आवाज न चढवता सांगितलं की मागच्या दुष्काळात धान गेलं होतं तेव्हा आम्ही भाजी-बासी, पाण्यात ठेवलेला शिळा भात, खाऊन जगलो, पण ज्या साली पाणी गेलं त्या साली गाव सोडावं लागलं. तुमचे बाबाही आमच्याबरोबर गाव सोडून गेले होते, दाऊ. मग दुसरी बाई बोलली, मग तिसरी. संध्याकाळी गावदेवाच्या गुडीच्या चौथऱ्यावर बैठक झाली आणि खाचेखालचं पाणी शेताला द्यायचं नाही असं ठरलं. दाऊ बैठकीत बसला, पण बोलला नाही.

जाता जाता तो शेषरावच्या अंगणात थांबला. धान कापून घ्या, म्हणाला, दिवाळीला घर मोकळं करा.

पाऊस आला तो फार उशिरा, आणि अगदीच भुरभुर. शेषरावच्या शेतातलं बहुतेक धान पोचट निघालं; कणीस हातात घेतलं तर हलकं, फुंकर मारली की उडून जाणारं. ज्या वरच्या पट्ट्याला तळ्याचं पाणी मिळालं होतं, तेवढाच भरला. तो पट्टा कापताना कांताचा विळा जरा अडखळत होता. बिसाहिन कापायला आली होती. तिने कांताच्या मनातलं ओळखलं असावं. निघालेलं पाणी काही परत तळ्यात जात नाही दीदी, म्हणाली, आता दाणा तरी वाया घालवू नको.

दसऱ्यानंतर मोना गाडी घेऊन आली. तिने बापाचे हात पाहिले, आईची वाळलेली मान पाहिली आणि सामान बांधायला घेतलं. तिचं बोलणं सरळ होतं. आईने गाव तपासायला वर्ष मागितलं होतं. वर्ष भरायच्या आतच धान गेलं, विहीर गेली, घर गेलं. मग आणखी काय पाहायचं राहिलं?

"बाबा, तुम्ही सांगा ना तिला," ती म्हणाली. "आखिर मिला क्या यहाँ?"

शेषराव कौलांकडे पाहत बसला होता. त्याने स्वतः बसवलेली कौलं. खरं म्हणजे त्याचं मनही डळमळलं होतं; रिसालीच्या घराला नळ होता, दवाखाना जवळ होता. त्याने कांताकडे पाहिलं.

"गाव नापास नाही झालं," कांता म्हणाली. "आपली जागा चुकली. तळ्याच्या खाली बसून आपन तळ्याकडे हात पसरून राहिलो होतो. मी वर जाऊन पाहून आले."

वर म्हणजे भाठा. गावाच्या वरच्या अंगाला मुरमाड, लाल, उघडी जमीन. तिच्यात कोदो नाहीतर तीळ, बाकी काही येत नाही. बिसाहिनचा दीर मनहरण भिलाईला मजुरीला जायचा, त्याचा एक तुकडा तिथे पडीक होता. पण पाऊस पडला की सगळ्या भाठ्याचं पाणी एका कोपऱ्याकडे वाहत जायचं आणि तिथून ओढ्याला लागायचं. कांताने तो कोपरा श्रावणातच पाहून ठेवला होता. तिथे डबरी खोदायची, म्हणाली, आपलं पाणी आपण साठवायचं, बांध घातलेल्या दोन बांध्यांत धान, बाकी तूर, भाजी, एक गाय. तळ्याला हात लावायचा नाही.

"खोदणार कोण?" मोनाने विचारलं.

"आमी."

मोना संध्याकाळी एकटीच परत गेली. जाताना तिने बापाच्या गुडघ्याचं औषध ओसरीवर ठेवलं आणि आईकडे न पाहता गाडी काढली.

मनहरणशी व्यवहार झाला. दिवाळीला दोघांनी दाऊचं घर झाडून, सारवून, किल्ली त्याच्या बायकोच्या हातात दिली. भाठ्यावर मातीच्या भिंती घातल्या, वर कौलं चढवली, इंजिन कोपऱ्यात ठेवलं. प्यायचं पाणी गावातल्या हातपंपावरून आणावं लागे. कांता गुंडावर गुंड ठेवून चढ चढायची. आणि थंडी सुरू झाली तशी दोघांनी खोदायला सुरुवात केली.

वरची माती लवकर निघाली. मग मुरूम लागला. टिकास मारला की ठिणगी उडायची आणि खपलीएवढा तुकडा सुटायचा. शेषरावला उभं राहून खोदवेना, म्हणून तो पोतं अंथरून बसायचा आणि बसल्या बसल्या टिकास चालवायचा. कांता घमेलं भरून वर न्यायची आणि बांधावर ओतायची. हाताला फोड आले, फुटले, पुन्हा आले, मग तळवा चामड्यासारखा झाला. काही दिवशी काम इतकं थोडं व्हायचं की संध्याकाळी खड्ड्याकडे पाहायला नको वाटायचं. वाटेने जाणारे थांबायचे. भाठ्यात पाणी थांबत नाही बाबू, म्हणायचे. शेषराव हो म्हणायचा आणि खोदत राहायचा. धान संपल्यावर मजुरीला जाणारे दोघे-तिघे होळीपर्यंत मदतीला आले. त्यांना शेषरावने त्यांच्या शेतातल्या बिघडलेल्या मोटारी दुरुस्त करून दिल्या.

चैत्रात मोना आली. या वेळी गाडीतून तिने तांदळाचं पोतं आणलं होतं. ती खड्ड्याच्या काठावर उभी राहिली. खड्डा आता माणूस बुडेल एवढा खोल होता. दुपारी कांता पडली होती तेव्हा मोनाने चपला काढल्या, बापाच्या हातातला टिकास घेतला आणि काही वेळ खोदलं. मग हात झटकून म्हणाली, "हा वेडेपणा आहे, बाबा."

"आहे ना," शेषराव म्हणाला. "जरा बाजूले मार. तिथं भुसभुशीत आहे."

जेठात एक दिवस हेमलाल दाऊ चढ चढून आला. खड्ड्याच्या कडेने त्याने एक फेरी मारली, तळाचा मुरूम बुटाने उकरला. कांताने पाणी आणून दिलं. मग त्याने सांगितलं की ही चाळणी आहे. काळ्या मातीचा गिलावा दिल्याशिवाय भाठ्यात पाणी टिकत नाही, आणि नुसती माती पसरून चालत नाही, ती भिजवून ढोरांच्या पायांनी तुडवावी लागते. एवढं बोलून तो उतरून गेला.

तळं आटत आटत खांबाच्या बुडाशी आलं होतं, पण म्हशी अजून त्यात बसत होत्या आणि बाया गुंड भरून नेत होत्या. उघड्या पडलेल्या काठावर काळा गाळ होता. गावाला तो काढायचाच होता. शेषरावने आणि कांताने तो घमेल्याने भाठ्यावर न्यायला सुरुवात केली. बिसाहिन आली, तिच्या जावा आल्या. खाली जाताना रिकामं घमेलं, वर येताना भरलेलं. चढावर बायांच्या पावलांची काळी रेघच उमटली. गाळ तळाशी पसरून झाला त्या सकाळी दाऊचा माणूस म्हाताऱ्या हल्ल्यांची, रेड्यांची जोडी घेऊन आला. दाऊने पाठवले, एवढंच तो म्हणाला. हल्ले दिवसभर खड्ड्यात गोल गोल फिरले. शेषराव त्यांच्या मागे काठी घेऊन, गुडघाभर चिखलात, तोही फिरला.

माती सुकायला लागली तेव्हा कांताला राहवेना. पावसाची वाट पाहून चालणार नव्हतं. माती पाणी धरते की नाही हे आधी कळायला हवं होतं. तिने आणि बिसाहिनने हातपंपावरून गुंड आणले आणि खड्ड्याच्या सगळ्यात खोल कोपऱ्यात ओतले. थाळीएवढं डबकं झालं, मग परातीएवढं, मग खाटेएवढं. शेषराव काठावर बसून पाहत होता. अंधार पडला तरी ते तिथेच होतं.

सकाळी कांता आधी उठली. शेषराव तिच्या मागोमाग गेला. ती खड्ड्यात उतरून डबक्यापाशी उकिडवी बसली होती. पाणी होतं. कडेच्या ओल्या वर्तुळावरून दिसत होतं की चार बोटं खाली गेलं आहे. कांताने हात बुडवून तळ चाचपला, एका बाजूला दाबून पाहिलं, दुसऱ्या बाजूला दाबून पाहिलं. एके ठिकाणी बोट आत गेलं आणि मुरमाला लागलं.

"काय म्हणते?" शेषरावने वरून विचारलं.

"धरते," कांता म्हणाली. "पण इथं पातळ आहे. अजून एक थर लागते."

ती उठली, लुगड्याचा ओचा खोवला आणि काठावरचं घमेलं उचललं. शेषराव पावडं घेऊन तिच्या आधीच तळ्याच्या वाटेला लागला होता.